दिवाळीचा घरचा फराळ आणि बागेतली फुले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावणात पहिला प्रश्न येतो तो झेंडूच्या बियांचा, आणि घटस्थापनेनंतर भाजणी, अनारसे आणि बिघडलेल्या चकल्या यांचे प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न दरवर्षी थोड्याफार फरकाने येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फराळ आणि फुले या दोन्हींची तयारी नेमकी कधीपासून सुरू करावी?

लक्ष्मीपूजनाचा दिवस धरून मागे मोजत यावे. शेवंतीची रोपे उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्याच्या तोंडाशी लागलेली असावीत, आणि झेंडूचे बी दिवाळीच्या सुमारे तीन महिने आधी पडावे. फराळात सर्वांत आधी अनारशांचे तांदूळ भिजतात, कारण भिजवणे, वाळवणे आणि पीठ मुरवणे यांत आठ ते बारा दिवस जातात. भाजणी दोन आठवडे आधी दळून ठेवली तरी बिघडत नाही. तळण मात्र शेवटच्या आठवड्यातच करावे. हौसेने वीस दिवस आधी केलेली चकली पाडव्यापर्यंत टिकते, परंतु तिची चव टिकत नाही.

२. मी पहिल्यांदाच करते आहे. कोणते पदार्थ आणि कोणती फुलझाडे घेऊ?

पदार्थांत शंकरपाळे आणि पातळ पोह्यांचा चिवडा घ्यावा. शंकरपाळ्यांचे जुने प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर हे एकत्र गरम करून निववावे आणि त्यात मावेल तेवढा मैदा घालून घट्ट मळावे. फुलांत झेंडू घ्यावा. कुंडी दहा ते बारा इंचांची असावी आणि तिला किमान पाच-सहा तास ऊन मिळावे. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या गॅलरीत झेंडू लावण्याचा आग्रह धरू नये. तेथे रोप उंच वाढते, वाकते आणि फुलाच्या वेळी रुसते.

३. दिवाळी कधी ऑक्टोबरमध्ये येते, कधी नोव्हेंबरमध्ये. मग झेंडूचे बी पेरायची तारीख कशी ठरवायची?

तारीख पाठ न करता दिवस मोजावेत. मोठ्या, गोंड्यासारख्या फुलांचा आफ्रिकन झेंडू पेरणीनंतर साधारण २५ दिवसांनी कुंडीत लावण्याजोगा होतो आणि लावणीनंतर सुमारे ६० ते ६५ दिवसांत फुलावर येतो. म्हणजे पेरणीपासून ८५ ते ९० दिवस धरावे लागतात. छोट्या, मखमली फुलांचा फ्रेंच झेंडू यापेक्षा तीनेक आठवडे लवकर फुलतो.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले. त्यासाठी बी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पडायला हवे होते. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक आल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते, म्हणून पेरणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यावर जाते. जुलैचीच सवय ठेवून पेरले, तर झेंडू दसऱ्याला भरभरून फुलेल आणि दिवाळीत उतरणीला लागलेला असेल. दोन्ही सणांना फुले हवी असतील, तर अठरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन वाफे किंवा दोन ट्रे पेरणे हाच सरळ उपाय आहे.

४. शेवंतीला भरपूर पाने येतात, पण दिवाळीपर्यंत कळीच दिसत नाही. खत कमी पडते का?

बहुतेक वेळा खत कमी नसते, उलट जास्तच झालेले असते, आणि त्याहूनही अधिक वेळा कारण असते ते रात्रीचा उजेड. शेवंतीला कळी धरण्यासाठी दिवस लहान आणि रात्र मोठी व्हावी लागते. रात्रीचा अंधार अखंड मिळाला, तरच झाड पाने वाढवणे थांबवून फुलाकडे वळते. गॅलरीसमोर रस्त्यावरचा दिवा असेल, किंवा जिन्यातला दिवा रात्रभर जळत असेल, तर झाडाच्या लेखी उन्हाळा संपलेलाच नसतो. माझ्याकडे एकाच काशीपासून, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबापासून, केलेल्या दोन कुंड्या होत्या. मागच्या अंगणातली ऑक्टोबरअखेर कळ्यांनी लगडली आणि फाटकाच्या दिव्याखालची डिसेंबर उजाडेपर्यंत हिरवीगार राहिली. मीही आधी खतालाच दोष दिला होता.

उपाय असा : ऑगस्टच्या मध्यापासून कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवावी. हलवणे शक्य नसेल, तर संध्याकाळी सहाच्या सुमारास तिच्यावर काळे जाड कापड किंवा खोके घालून सकाळी काढावे, आणि कळ्यांना रंग दिसू लागेपर्यंत यात खंड पडू देऊ नये. एक-दोन रात्री विसरल्यास कळी लांबते. या काळात युरियासारखी नत्राची खते बंद ठेवावीत.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. झेंडूची वेळ आपण पेरणीने पुढेमागे करू शकतो, परंतु शेवंती सूर्यावर चालते आणि दिवाळी चंद्रावर. अधिक मासानंतर येणाऱ्या उशिराच्या दिवाळीला शेवंती आपोआप साधते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवाळी असेल, तर बऱ्याच गावठी जाती तोवर कळीतच असतात, आणि त्यात माळ्याची काही चूक नसते. लवकर फुलणारी जात निवडणे किंवा वर सांगितल्याप्रमाणे जुलैअखेरपासूनच अंधार देणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

५. शेंडा खुडायचा म्हणजे काय, आणि तो केव्हापर्यंत खुडावा?

रोपाच्या मुख्य फांदीचे टोक दोन-तीन पानांसह नखाने काढून टाकणे म्हणजे शेंडा खुडणे होय. यामुळे बाजूच्या फांद्या फुटतात आणि एका मोठ्या फुलाऐवजी पुष्कळ फुले येतात, परंतु पहिले फूल काही दिवस उशिरा येते. झेंडूचा शेंडा लावणीनंतर तीन-चार आठवड्यांच्या आत एकदाच खुडावा. पेरणीला आधीच उशीर झाला असेल, तर अजिबात खुडू नये. शेवंतीचे शेंडे जून-जुलैत दोन-तीनदा खुडले तरी चालते, पण ऑगस्टच्या मध्यानंतर तिला हात लावू नये, कारण त्यानंतर खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे गेलेल्या कळ्या असतात.

६. चकलीच्या भाजणीचे खात्रीचे प्रमाण सांगाल का?

घरोघरी प्रमाण वेगळे असते आणि प्रत्येक घराला आपलेच बरोबर वाटते. तरीही ज्यावर सहसा कोणी भांडत नाही असे प्रमाण हे : तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २ वाट्या, उडदाची डाळ १ वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी, जाडे पोहे अर्धी वाटी, धणे पाव वाटी आणि जिरे २ चमचे. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवावेत. मग प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजावा, कारण डाळीला जितका वेळ लागतो तितक्यात पोहे करपतात. सगळे निवल्यावरच दळावे. गिरणीत आपल्या आधी गहू किंवा ज्वारी दळली गेली नाही ना, हे विचारायला संकोच करू नये.

उकड काढताना एक वाटी भाजणीला जेमतेम एक वाटी पाणी आणि एक मोठा चमचा तेलाचे मोहन घ्यावे. पाण्यात मीठ, तिखट, हिंग, ओवा आणि तीळ घालून उकळी आली की आच बंद करून भाजणी मिसळावी आणि भांडे झाकून ठेवावे. अर्ध्या तासाने पाण्याचा हात लावत पीठ चांगले मळून घ्यावे.

७. चकली कधी तेलात विरघळते, कधी मऊ पडते, कधी दगडासारखी होते. प्रत्येक वेळी नेमके काय चुकते?

ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत आणि एकीचे औषध दुसरीला दिल्यास घाणा वाया जातो. चकली तेलात सुटून तिचा भुगा होत असेल, तर मोहन जास्त झाले आहे. अशा वेळी पिठात थोडी कोरडी भाजणी आणि कोमट पाण्याचा शिपका घालून पुन्हा मळावे. चकली कडक होत असेल, तर मोहन कमी पडले आहे किंवा पीठ घट्ट राहिले आहे. तेव्हा चमचाभर गरम तेल पिठात मुरवावे. पाडतानाच चकली तुटत असेल, तर पीठ कोरडे आहे किंवा पुरेसे मळलेले नाही, आणि त्यासाठी मोहनाला दोष देऊ नये.

मऊ चकलीचे कारण बहुधा आचेत सापडते. प्रखर आचेवर ती बाहेरून लाल होते आणि आत ओल राहते, म्हणून ताटात कुरकुरीत वाटणारी चकली संध्याकाळी डब्यात वाकते. तेल आधी चांगले तापवावे, चकल्या सोडल्यावर आच मध्यम करावी आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळावे. बुडबुडे म्हणजे आतले पाणी बाहेर पडत असल्याची खूण आहे. डबा भरण्याआधी चकल्या पूर्ण निवू द्याव्यात. मऊ पडलेल्या चकल्या मंद तापलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवल्यास बऱ्याच सुधारतात. ऑक्टोबरमध्ये हस्ताचा पाऊस रेंगाळला असेल किंवा घर कोकणपट्टीत असेल, तर हवेतली ओलही यात भर घालते. तेथे चकली शेवटच्या दोन दिवसांतच करावी.

८. एकाच तेलात सगळे तळले तर चालते का? उरलेल्या तेलाचे काय करावे?

चालते, पण क्रम पाळावा. आधी शंकरपाळे, मग शेव आणि शेवटी चकली तळावी. चकलीतले तिखट आणि सुटे तीळ तेलात राहून करपतात, आणि त्यानंतर तळलेल्या प्रत्येक गोड पदार्थाला तो वास लागतो. अनारसे तुपात, वेगळ्या लहान कढईत तळावेत.

तेल काळपट, दाट किंवा फेसाळ झाले, अथवा नेहमीपेक्षा लवकर धुरावू लागले, तर ते संपले असे समजावे. तळणाच्या व्यवसायात असलेल्यांसाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलातील ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात साचणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी हे मोजता येत नाही, म्हणून डोळे आणि नाक यांवर विसंबावे. उरलेले चांगले तेल गाळून आठवड्याभरात फोडणीला संपवावे. नवे तेल ओतून जुने वाढवत राहू नये. टाकायचे तेल मोरीत किंवा कुंडीत ओतू नये. मातीच्या कणांवर तेलाचा थर बसला की पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही.

९. बेसनाचा लाडू टाळ्याला चिकटतो आणि ताटात बसतो. का?

टाळ्याला चिकटतो तो कच्चेपणामुळे, आणि बसतो तो तूप जास्त झाल्यामुळे. चार वाट्या जाडसर बेसनाला दीड ते दोन वाट्या तूप पुरते. सुरुवातीला बेसन कोरडे वाटले तरी तूप वाढवू नये. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजल्यावर तेच बेसन सैल होते आणि उलथन्यावरून सहज घसरते. रंग बदलून खमंग वास सुटला की दुधाचा हबका मारावा. बेसन फसफसून फुलते आणि लाडू रवाळ होतो. पिठीसाखर बेसन कोमट झाल्यावरच घालावी. गरम बेसनात ती विरघळते आणि मिश्रण पातळ होते. बसलेल्या लाडवांना फ्रीजमध्ये ठेवून सावरण्यापेक्षा थोडे बेसन कोरडे भाजून मिसळावे आणि लाडू पुन्हा वळावेत.

१०. रव्याचा लाडू दुसऱ्या दिवशी फोडायला बत्ता लागला. आता काय?

पाक एकतारीच्या पुढे गेला. लाडू फोडून त्यावर गरम दुधाचा हबका मारावा, तासभर झाकून ठेवावे आणि पुन्हा वळावे. मात्र दूध घातलेले हे लाडू तीन-चार दिवसांत संपवावेत.

११. अनारसे तुपात “हसतात”. ते थांबवता येते का?

अनारसा तुपात पडताच फाटून विस्कटला की तो हसला असे म्हणतात. करणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी हसू नसते, हा भाग वेगळा.

आधी नेमकी कृती पाहू. जुने, फारसे चिकट नसलेले तांदूळ तीन दिवस भिजवावेत आणि रोज पाणी बदलावे. चौथ्या दिवशी ते निथळून सावलीत कापडावर पसरावेत. तांदूळ हाताला ओलसर लागले पाहिजेत, पण बोटाला पाणी लागता कामा नये. असे दमट तांदूळ दळून बारीक चाळणीने चाळावेत. या पिठाच्या वजनाचा पाऊण पट ते तितकाच किसलेला गूळ त्यात मिसळून घट्ट गोळा करावा आणि तुपाचा हात लावून डब्यात पाच-सहा दिवस मुरू द्यावा. येथे वाटीने मोजू नये. गूळ किसून मोजला की दाबून मोजला यावर वाटीचे माप बदलते, आणि अनारसा हसण्याची निम्मी कारणे त्यातच असतात. थापताना खसखस खाली ठेवून थापावे, तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवावी, आणि अनारसा उलटू नये. झाऱ्याने तूप वर उडवत तळावा.

हसण्याचे कारण म्हणजे गूळ जास्त होणे, तांदूळ फार ओले असणे किंवा तूप पुरेसे न तापणे. आधी तूप तपासावे, कारण ते सर्वांत सोपे आहे. त्यानंतरही अनारसा हसला, तर पिठात थोडे कोरडे तांदळाचे पीठ मिसळावे आणि एक रात्र थांबावे. यासाठी मूळ चाळलेल्या पिठातली वाटीभर बाजूला ठेवण्याची जुनी पद्धत फार शहाणपणाची आहे. उलट जाळी न पडता अनारसा चिवट होत असेल, तर पिकलेल्या केळ्याचा लहान तुकडा कुसकरून मिसळावा. मुरलेला गोळा फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहतो, त्यामुळे सगळे अनारसे एकाच दिवशी तळण्याची सक्ती नाही.

१२. चिवड्याचे पोहे आक्रसतात आणि दोन दिवसांत सादळतात. काय करावे?

पातळ पोहे एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवावेत आणि मग मोठ्या कढईत अगदी मंद आचेवर, थोडे थोडे करून भाजावेत. आच वाढली की ते आक्रसतात. सादळण्याचे खापर पोह्यांवर फुटते, पण गुन्हेगार बहुधा मिरची आणि कढीपत्ता असतात. दोन्ही धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि फोडणीत कुरकुरीत होईपर्यंत तळावेत. मिरची मऊ राहिली, तर तिची ओल डब्यातल्या सगळ्या पोह्यांत पसरते. पिठीसाखर आणि मीठ आच बंद केल्यावर घालावे.

१३. कोणता पदार्थ किती दिवस टिकतो?

घट्ट झाकणाच्या, कोरड्या डब्यात शंकरपाळे, शेव, चकली, चिवडा आणि बेसनाचे लाडू दोन ते तीन आठवडे चांगले राहतात. सुक्या खोबऱ्याच्या सारणाची करंजी दोन आठवडे टिकते, परंतु खोबरे आधीच खवट असेल तर पहिल्या दिवसापासूनच ती बिघडलेली असते. म्हणून किसण्यापूर्वी प्रत्येक वाटीचा तुकडा चाखून पाहावा. ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवसापलीकडे बाहेर ठेवू नये. ऊन येणाऱ्या खिडकीतली काचेची बरणी दिसते सुंदर, मात्र उजेड आणि उष्णतेने तळलेला पदार्थ लवकर खवट होतो.

१४. एअर फ्रायरमध्ये फराळ होतो का?

चिवड्याचे पोहे आणि शेंगदाणे त्यात उत्तम भाजले जातात. भाजलेले शंकरपाळे बिस्किटासारखे लागतात आणि त्यांना बिस्किटे म्हणूनच खाल्ले तर आवडतात. तेल लावून भाजलेली चकली कुरकुरीत होते, पण खुसखुशीत होत नाही. अनारशाचा विचारही करू नये.

१५. फराळाच्या ताटाला बागेतली फुले लावून सजवले तर चालेल का?

ताटाला लागणारे फूल खाण्याच्या पदार्थाला लागते, म्हणून ते विषारी नसावे आणि त्यावर औषध फवारलेले नसावे, या दोन अटी पाळाव्यात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी यांचे सर्व भाग विषारी आहेत, हृदयाच्या ठोक्यांवर त्यांचा परिणाम होतो, आणि लहान मुले ताटातले काहीही तोंडात घालतात. ही फुले देवापुढे ठेवावीत, ताटात नव्हे. धोत्र्याचेही तेच. चाफ्याच्या देठातून चीक येतो, म्हणून तोही नको. गावठी गुलाब आणि गोकर्ण निर्धास्त वापरावेत. झेंडूच्या पाकळ्या ताटाच्या कडेला ठेवायला हरकत नाही. बाजारातून आणलेल्या फुलांवर काय फवारले आहे हे कळत नसल्यामुळे सजावटीसाठी घरचीच फुले घ्यावीत.

१६. गोकर्णाच्या फुलांनी नारळाच्या वडीला रंग येतो म्हणतात, ते खरे आहे का?

खरे आहे. दहा-बारा निळ्या फुलांच्या पाकळ्या, देठाकडचा हिरवा भाग काढून, दोन मोठे चमचे गरम पाण्यात भिजवाव्यात आणि ते पाणी साखरेच्या पाकात घालावे. वडी फिकट निळी होते. त्याच पाण्यात लिंबाचे दोन थेंब पडले, तर रंग जांभळा होतो, कारण हे रंगद्रव्य आंबटपणाला प्रतिसाद देते. दोन रंगांच्या वड्यांसाठी एवढे पुरेसे आहे.

१७. फुले आदल्या दिवशी काढून ठेवायची असतील तर कशी ठेवावीत?

दंव ओसरल्यावर, ऊन चढण्याआधी झेंडू आणि शेवंती काढावी. फुलांवर पाणी मारू नये, कारण पाकळ्यांच्या बेचक्यात पाणी साचले की फूल आतून काळे पडते. सैलसर ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यास झेंडू तीन-चार दिवस टिकतो. मात्र त्याच फ्रीजमध्ये उघड्या ताटात लाडू ठेवू नयेत. तूप आणि खोबरे आजूबाजूचा वास पटकन घेतात, आणि झेंडूच्या वासाचा लाडू कोणी दुसऱ्यांदा मागत नाही.

१८. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी झाडांना घालावे का?

साधे धुतलेले पाणी त्याच दिवशी घालावे. अनारशांच्या तांदळाचे आंबूस पाणी चौपट साध्या पाण्यात मिसळून घालावे, आणि एकाच कुंडीत रोज ओतू नये. मीठ, तिखट किंवा साखर असलेले कोणतेही पाणी कुंडीत जाऊ देऊ नये. मिठाने मुळे जळतात आणि साखरेने मुंग्यांची वारूळे होतात.

१९. तोरणे आणि निर्माल्य यांचे खत किती दिवसांत होते?

दोरा, गोटा, प्लास्टिकची पाने आणि तारा काढून फुले मोकळी करावीत. एक भाग फुलांना दोन भाग वाळलेली पाने घ्यावीत, थोडी माती किंवा जुने खत मिसळावे आणि आठवड्यातून एकदा खालीवर करावे. दोन ते तीन महिन्यांत, म्हणजे संक्रांतीच्या पुढेमागे, खत तयार होते. शेंगदाण्यांची फोलपटे त्यात चालतात. उरलेले, खवट झालेले तळण त्यात टाकू नये. त्याने उंदीर येतात, आणि तेलाची अडचण प्रश्न ८ मध्ये सांगितलीच आहे.

२०. तोरणातल्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या टाकल्या तर रोपे आली, पण फुले निराळीच आली. असे का?

बाजारातला बराचसा झेंडू संकरित असतो. त्याच्या बियांतून आलेली रोपे मूळ रोपासारखी निघतीलच असे नाही. फुले लहान, एकेरी किंवा फिक्या रंगाची येऊ शकतात. काही फुलांत बी भरतच नाही. गावठी झेंडू किंवा “पुसा नारंगी”, “पुसा बसंती” यांसारख्या सरळ वाणांचे बी धरल्यास फरक कमी पडतो. बी धरायचे फूल तोरणात ओवू नये. ते झाडावरच तपकिरी होईपर्यंत वाळू द्यावे, कारण अर्धवट वयात खुडलेल्या फुलातले बी बहुधा पोचट निघते.

२१. शेजारीपाजारी फराळ विकायचा आहे. घरगुतीच तर आहे, त्याला परवाना कशाला?

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ घरगुती स्वयंपाकघरातून होणाऱ्या विक्रीलाही लागू होतो. लहान प्रमाणावर विकणाऱ्यांसाठी पूर्ण परवान्याऐवजी नोंदणीची सोय आहे आणि ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या “फॉसकॉस” या संकेतस्थळावर करता येते. मिळणारा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा, आणि सोबत पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावे आणि शाकाहाराची हिरवी खूण द्यावी. शेंगदाणे, तीळ, दूध आणि गहू यांचा उल्लेख तर आवर्जून करावा, कारण कोणाला कशाचे वावडे असेल ते आपल्याला माहीत नसते. नातलगांना दिलेल्या डब्यांना हे काहीही लागत नाही.

२२. मुलगा परदेशी आहे. फराळ आणि सोबत बागेतली फुले किंवा बी पाठवता येईल का?

फराळ बहुतेक ठिकाणी जातो, फुले आणि बी सहसा जात नाही. ताजी फुले, माती आणि बियाणे यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते आणि घरगुती पार्सलात ते शक्य नसते. तोरण पाठवायचेच असेल, तर कापडी पाठवावे.

फराळातही एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस नेण्यास बंदी आहे, आणि ती आपल्याकडच्या अनारशांत आणि करंजीच्या सारणात सर्रास असते. तेथे पाठवायच्या अनारशांना तीळ लावावेत आणि सारणात खसखस घालू नये. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. दुधा-तुपाच्या पदार्थांबाबत प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्यामुळे पार्सल करण्याआधी ते तपासावेत. बांधणीत चकल्या डब्यात उभ्या रचाव्यात आणि मोकळ्या जागेत चिवड्याच्या पिशव्या दाबून बसवाव्यात.

२३. यंदा घरात दुःखद घटना घडली आहे. फराळ करावा का, आणि बागेत आलेल्या फुलांचे काय करावे?

अनेक घरांत वर्षाच्या आतल्या पहिल्या दिवाळीला कढई चढवत नाहीत, आणि नातलग किंवा शेजारी फराळ आणून देतात. काही घरांत लहान मुलांसाठी थोडे गोड करतात, तळण मात्र टाळतात. यात एकच एक रीत नाही, म्हणून घरातल्या ज्येष्ठांना विचारावे आणि त्यांना जे सोसवेल तेच करावे. फराळ नेऊन देणाऱ्यांनी डबा परत मागू नये आणि तो रिकामा परत आला तर मनात काही आणू नये.

फुले झाडावर ठेवून वाळवण्यात कोणताही नियम पाळला जात नाही. तोरण बांधायचे नसेल, तर तसबिरीला हार करावा, समईपुढे ओंजळभर ठेवावीत, आणि उरलेली ज्यांच्याकडे यंदा झेंडू आला नाही त्यांच्या दारी पोहोचवावीत. शेवंतीची चार झाडे न खुडता ठेवली, तर बहर ओसरल्यावर ती जमिनीलगत छाटावीत. बुंध्याशी फुटलेल्या काशा उन्हाळ्याच्या अखेरीस वेगळ्या करून लावता येतात.